ताप आणि शेक

वॉरंटी संपते त्या दिवशी लॅपटॉपला काहीही होत नाही. कंपन्या म्हणे आत एक घड्याळ बसवतात आणि मुदत भरली की ते वाजतं, असं लोक उगाच बोलतात. इतका उघड कारभार कोणी करत नाही. नेमका त्याच दिवशी बंद पडला, तर माणूस चिडून ग्राहक मंचात जाईल (आता त्याला आयोग म्हणतात, तक्रारी जुन्याच आहेत). लॅपटॉप थांबतो. आपल्याला निर्धास्त होऊ देतो. बिलाची पिशवी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाते. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून बिल कोरं होतं. वाढीव वॉरंटी विकायला फोन करणारी मुलगीही नाद सोडते. एवढी सगळी तयारी झाली, की मग तो आपलं काम सुरू करतो.

माझ्या लॅपटॉपने सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढण्याचा मुहूर्त धरला. पडद्यावर आधी एक उभी रेघ आली. मग शेजारी दुसरी. मग त्यांच्यात चौकटी पडल्या आणि बी विंगच्या थकबाकीदारांची नावं एकामागून एक दिसेनाशी झाली. (ही गोष्ट पुढे पसरली तेव्हा बी विंगमधून माझ्या लॅपटॉपबद्दल फार आपुलकीने चौकशी होऊ लागली.) मला रेघांत लाल, निळा आणि हिरवा एवढेच रंग दिसत होते. बायको चष्मा पुसून आली आणि म्हणाली, "लाल कुठाय? हा डाळिंबी. ही अबोली. हा चिंतामणी, आणि ह्या कडेला राणी. अहो, रंगसंगती मात्र चांगली आहे हं."

तेवढ्यात पडदा काळा झाला, परत आला आणि कोपऱ्यात एक निरोप उमटला: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. ह्या निरोपामागची व्यवस्था मला नंतर कळली. ग्राफिक्सच्या चिपला काम सांगितल्यावर विंडोज तिची दोन सेकंद वाट पाहते. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तिला सरळ झोपवून पुन्हा उठवते. आम्ही ज्या देशात जातीच्या दाखल्याची वाट पाहिली, त्याच देशात हे यंत्र दोन सेकंदांत धीर सोडतं.

मुळात माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळी ग्राफिक्सची चिप काय करत होती, हा प्रश्न पुढे सगळ्यांनी विचारला. मी मराठीत पत्रं लिहितो, एक्सेलमध्ये पाणीपट्टी विभागून देतो आणि रात्री पत्त्यांचा एक डाव मांडतो. ह्यातल्या कशालाच ती लागत नाही. पण दुकानातला मुलगा म्हणाला होता, "सर, ग्राफिक्स कार्डवाला घ्या. पुढची पाच वर्षं बघायला नको." त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. बघायला काही उरलंच नाही.

सर्व्हिस सेंटर हे ठिकाण थंडगार असतं. तिथे टोकन मिळतं, टोकनावर नंबर असतो, आणि त्या नंबराचा भिंतीवर पळणाऱ्या नंबराशी काही संबंध नसतो. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा करून तळाचा आकडा टाइप केला, आणि लॅपटॉपकडे पाहायच्या आधीच चेहऱ्यावर जे भाव आणले ते मी आजवर फक्त अतिदक्षता विभागाबाहेर पाहिले होते.

"सर, हा वॉरंटीच्या बाहेर आहे."

"माहीत आहे. झालंय काय ते बघा."

"बघायचे इन्स्पेक्शन चार्जेस पडतील."

चार्जेस भरले. आत नेऊन आणला. मदरबोर्ड बदलावा लागेल, असं निदान झालं. बोर्डाची किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. नव्या लॅपटॉपच्या किमतीत आणि त्या बोर्डाच्या किमतीत जेमतेम एका चांगल्या मिक्सरचा फरक होता.

"पण खराब फक्त चिप आहे ना? तेवढीच बदला."

"सर, आमच्याकडे चिप नसते. आमच्याकडे बोर्ड असतो."

ह्यात त्या मुलाचा दोष नाही. अधिकृत ठिकाणी दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा अख्खा बोर्ड काढून दुसरा टाकणं. ती चिप बोर्डाला स्क्रूने लावलेली नसते, की काढली आणि बसवली. तिच्या पोटाखाली डाखाचे शेकडो बारीक गोळे असतात आणि त्यांवर ती कायमची चिकटलेली असते. म्हणजे पाहुणी म्हणून आलेली नसते, दिलेल्या घरी आलेली असते.

घरी आल्यावर वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि इमारतीत कुठलीही वस्तू बंद पडली की त्यांना वास येतो. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की दोष पडद्यात आहे की चिपमध्ये हे ठरल्याशिवाय पैसे भरलेच कसे? मग त्यांनी केबल मागवली आणि लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला. परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर लॅपटॉपचा पडदा किंवा त्याची केबल गेली. टीव्हीवरही रेघा आल्या तर चिप गेली. फक्त वेळ साडेसातची होती आणि मालिकेत कोणीतरी कोणाच्या तरी खिरीत काहीतरी घालणार होतं. टीव्हीवर खीर गेली आणि पंचावन्न इंचांत डाळिंबी, अबोली, चिंतामणी उभे राहिले.

"चिपच," काका समाधानाने म्हणाले.

"खीर कोणी खाल्ली?" आतून आवाज आला.

ह्यानंतर घरात दोन पक्ष पडले, थंड आणि गरम. थंड पक्षाचे पुढारी काका. इलेक्ट्रॉनिक्सचा शत्रू उष्णता, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो चुकीचा नाही. त्यांनी लॅपटॉपचा तळ उघडायला लावला. पंखा आणि तांब्याच्या नळीला लावलेल्या पातळ पत्र्या ह्यांच्यामध्ये धुळीचं आणि केसांचं मिळून एक जाड नमद्यासारखं पांघरूण तयार झालं होतं. आतून पंखा जीव तोडून हवा फेकत होता आणि ती हवा ह्या पांघरुणावर आपटून परत चिपच्याच अंगावर येत होती. चिप आणि तांबं ह्यांच्यामध्ये जी पेस्ट असते तीही वाळून खडू झाली होती. काकांनी ती पुसून नवी लावली. लावताना बायकोने "पाव आहे का तो?" असं विचारल्यावर त्यांनी अर्धी काढून घेतली. मुद्दा हवेची पोकळी भरण्याचा असतो, थर देण्याचा नसतो. मग तळाशी दोन पंख्यांचं पॅड आलं. आता खोलीत विमान उभं असल्याचा आवाज येऊ लागला. रेघा तशाच राहिल्या. फक्त त्या थंड होत्या.

गरम पक्षात माझा पुतण्या एकटाच होता, पण तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याचा आत्मविश्वास एका पक्षाला पुरून उरण्याइतका होता. त्याचा उपाय ऐकून काकांनी हातातला चहा खाली ठेवला. "काका, बोर्ड काढायचा, प्लास्टिकचं सगळं सोडवायचं, फॉइल लावायची आणि ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला आठ-दहा मिनिटं भाजायचा."

हे त्याचं डोकं नव्हे. जगभर लोकांनी हे केलेलं आहे. ग्राफिक्सची कार्डं केकच्या ट्रेमध्ये ठेवून भाजलेली आहेत. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० हे खेळायचं यंत्र बंद पडून त्याच्या तोंडावर लाल दिव्यांचं कडं उमटायचं, तेव्हा पोरांनी ते यंत्र टॉवेलांत गुंडाळून मुद्दाम कोंडून तापवलं आणि ते काही काळ चाललंही. कंपनीला मात्र टॉवेल परवडला नाही. तिने जुलै २००७ मध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि खर्चापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

पण मला सगळ्यांत आवडलेली कथा एनव्हिडियाची. २ जुलै २००८ रोजी ह्या कंपनीने जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या आमच्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडताहेत आणि त्यासाठी आम्ही १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवत आहोत. कारणं तीन सांगितली. एक, चिप आणि तिचं वेष्टन ह्यांचं कमकुवत साहित्य. दोन, लॅपटॉप थंड ठेवण्याच्या रचना. आणि तीन, ग्राहकांची वापरण्याची पद्धत. हे तिसरं कारण मी पुन्हा पुन्हा वाचलं. ग्राहकांनी असं केलं तरी काय होतं? त्यांनी लॅपटॉप सुरू केला होता. काम झाल्यावर बंद केला होता. दुसऱ्या दिवशी, कोणाचाही सल्ला न घेता, परत सुरू केला होता.

गंमत म्हणजे ह्यात शास्त्र आहे. सिलिकॉनचा तुकडा आत एका हिरव्या पाटीवर पालथा बसवलेला असतो आणि दोघांच्या मध्ये डाखाचे अतिबारीक उंचवटे असतात. लॅपटॉप चालू झाला की सगळं ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं, बंद केला की खोलीइतकं थंड होतं. तापल्यावर सिलिकॉन जेवढं पसरतं, त्याच्या साधारण पाचपट ती पाटी पसरते. एका घरातले दोन भाऊ असावेत, एक पगार झाल्यावरही रिक्षा न करणारा आणि दुसरा पगाराआधीच हप्त्यावर गाडी घेणारा, आणि दोघांचे हात धरून मध्ये आई उभी असावी, तशी त्या उंचवट्यांची अवस्था. दर सकाळी ताण, दर रात्री ताण. हजार वेळा ताण पडला की कुठेतरी केसाएवढी चीर जाते. म्हणून मी कधी खेळ खेळलो नाही हा माझा बचाव निकामी ठरतो. चिप उठाबशा काढून झिजते आणि उठाबशा पाणीपट्टीसाठीसुद्धा काढाव्या लागतात.

त्या २००८ सालच्या गोंधळात काही लॅपटॉप कंपन्यांनी एक सुंदर तोडगा काढला होता. यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये बदल करून त्यांनी पंखा आधीपासूनच आणि जास्त वेळ फिरता ठेवला. चिप तीच, पंखा तोच, फक्त चढउतार कमी. ह्याने आजार बरा होत नाही, तारीख पुढे जाते. ती वॉरंटीच्या कुठल्या बाजूला जाते, हा विचार ज्याचा त्याने करावा. अ‍ॅपलनेही फेब्रुवारी २०१५ मध्ये २०११ ते २०१३ ह्या काळातल्या काही मॅकबुक प्रोंसाठी पडद्याच्या ह्याच तऱ्हेच्या तक्रारींवर फुकट दुरुस्तीची योजना काढली. म्हणजे २०११ साली घेतलेल्या माणसाने चार वर्षं धीर धरायचा होता. विंडोजसारखा दोन सेकंदांत सोडायचा नव्हता.

आता ओव्हनकडे येऊ. आमच्याकडे एक ओटीजी आहे आणि त्यावर बायकोचा अधिकार आहे. तिची नानकटाई आमच्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या लिलावात बोलीला जाते. तिने पुतण्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या बोर्डात शिसं असतं का रे?"

"नाही काकू. युरोपात २००६ पासून बंदी आहे, तेव्हापासून बहुतेक सगळीकडे शिसं नसलेलंच सोल्डर वापरतात."

"मग ते कितीला वितळतं?"

"साधारण दोनशे सतराला."

"आणि तू भाजणार दोनशेला."

पुतण्या गप्प झाला. चाळीस वर्षं भाजण्याचा अनुभव असलेल्या बाईसमोर तापमानाचा हिशेब मांडू नये. तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दोनशे अंशांवर ते गोळे वितळतच नाहीत. तरीही भाजलेली चिप उठते, कारण दोष बऱ्याचदा बोर्डाच्या गोळ्यांत नसून चिपच्या आतल्या त्या उंचवट्यांत असतो. उष्णतेने चिरेच्या कडा पुन्हा एकमेकींना टेकतात, वीज जाते, माणूस आनंदाने ओरडतो. मग रोजची उठबस सुरू होते आणि काही आठवड्यांत कडा पुन्हा दुरावतात. उष्णतेने बिघडलं, उष्णतेने जुळलं, उष्णतेनेच पुन्हा बिघडलं. काकांचा थंड पक्ष आणि पुतण्याचा गरम पक्ष एकाच वेळी बरोबर होते आणि दोघांचाही उपयोग नव्हता. घरातल्या राजकारणात असं क्वचित होतं.

"पण काकू, फॉइल लावून..."

"ज्या ट्रेत नानकटाई होते त्यात ती हिरवी फरशी जाणार नाही. विषय संपला."

विषय लॅमिंग्टन रोडला गेला. ह्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण मुंबईत सुटे भाग आणायला निघालेला माणूस अजूनही लॉर्ड लॅमिंग्टनलाच शोधत जातो. हे महाशय १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. आपलं नाव पुढे केबल, कपॅसिटर आणि जुन्या रॅमशी जोडलं जाईल अशी त्यांना कल्पना असणं शक्य नव्हतं. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की पायच नेतात. 'चिप लेव्हल रिपेअर' अशा पाट्या जिथे दाट होतात तिथे थांबायचं.

मी गेलो ते दुकान पोटमाळ्यावर होतं. वर चढायला लोखंडी शिडी, वर पोचल्यावर वाकून चालायचं, म्हणजे कारागिराला नमस्कार आपोआप होतो. कारागीर पंचविशीचा होता. त्याने लॅपटॉप सुरू केला, रेघा पाहिल्या आणि रंगांबद्दल काहीही मत दिलं नाही.

"चिप गेली. हीट मारावी लागेल."

"चालेल?"

"चालेल."

"किती दिवस?"

"चालेल तोपर्यंत."

एवढं प्रामाणिक उत्तर मला थंडगार काउंटरवर मिळालं नव्हतं. रिबॉलिंग करायचं का, असं मी पुतण्याकडून उचललेल्या शब्दाच्या जोरावर विचारलं. त्याने मान हलवली. रिबॉलिंग म्हणजे चिप उपटायची, खालचे जुने गोळे साफ करायचे, पोलादी जाळीतून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे नवे गोळे ओळीने बसवायचे आणि चिप परत लावायची. "ते गोळे खराब असले तर उपयोग. तुमची चिप आतून गेलीय. दात हलतो तर कवळी पॉलिश करून काय होणार?"

"मग नवी चिप?"

"नवी चिप म्हणजे दुसऱ्या बोर्डाची काढलेली चिप, नवे गोळे लावून. कधी चांगली लागते, कधी तुमच्यापेक्षा जुनी निघते. खर्च जास्त. मी सांगणार नाही."

आपलं नुकसान करून घेणारा धंदेवाईक माणूस भेटला की माझा त्याच्यावर विश्वास बसतो. मी हीट मारायला होकार दिला. त्याने शेजारच्या भागांना पिवळी टेप लावली, चिपभोवती फ्लक्सचं चिकट पाणी सोडलं आणि बोर्ड एका चौकटीत अडकवला. खालून तापती पट्टी, वरून गरम हवेची चोच. आकडे चढू लागले. धूर आला, देवळात राळ जळल्यासारखा वास सुटला आणि मला जाणवलं, की हा ओटीजीच आहे. फक्त ह्याला तापमान कळतं आणि हा नानकटाई करत नाही.

बोर्ड निवेपर्यंत गप्पा झाल्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ह्या विषयावर समिती नेमली होती, असं मी मोठ्या अधिकाराने सांगितलं. तो म्हणाला, "हक्क चांगलाच आहे, साहेब. बोर्डाचा नकाशा दिला तर अजून चांगलं." भिंतीवर त्याच्याकडे नकाशे होतेच. ते कुठून आले हे मी विचारलं नाही.

लॅपटॉप सुरू झाला. पडदा स्वच्छ. बी विंगची सगळी थकबाकी रुपये-पैशांसकट हजर. मी हर्षाने पैसे दिले आणि गॅरंटीचं विचारलं. "टेस्टिंगची गॅरंटी," तो म्हणाला. "इथे चालू करून दाखवला. शिडी उतरलात की तुमचा."

शिडी उतरलो. त्यानंतर लॅपटॉप चालला, आणि चालला हे सांगताना मी प्रत्येकाला चिपच्या आतल्या चिरांचं सगळं शास्त्र ऐकवलं. बी विंगच्या लोकांनी पैसे भरले. गणपती गेले. दसऱ्याच्या सुमारास चिंतामणी परत आला, मागोमाग अबोली. बायकोने ह्या वेळी चष्माही पुसला नाही.

शेवटी प्रश्न सोडवला तो पुतण्याच्या धाकट्या बहिणीने. ती शाळेत आहे आणि तिला कुठल्याच पक्षात कोणी घेतलं नव्हतं. तिने लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू केला. तिथे विंडोज त्या चिपचा खास ड्रायव्हर उचलतच नाही, त्यामुळे अक्षरं मोठी आणि भोंगळ दिसली, पण रेघ एकही नव्हती. मग ती यंत्रांची यादी उघडून म्हणाली, "काका, इथे दोन ग्राफिक्स आहेत. एक प्रोसेसरच्या आतलं आणि एक हे बिघडलेलं. हे मी बंद करू?" आणि केलं. उजवं बटण, एक शब्द, एक टिचकी. पडदा एकदा मिचकला आणि आजतागायत स्वच्छ आहे. सगळ्याच लॅपटॉपांत हे जमत नाही. काहींत पडद्याची वायर थेट मोठ्या चिपलाच जोडलेली असते आणि तिथे शाळकरी मुलीही हात टेकतात. माझ्यात जमलं. पत्रं लिहिली जातात, पाणीपट्टी विभागली जाते, पत्त्यांचा डाव मांडला जातो. ज्या चिपसाठी मी जास्तीचे पैसे मोजले, तिच्यावाचून काहीही अडत नाही.

काकांना ही बातमी कळल्यावर ते तपासणीला आले. त्यांनी पडदा पाहिला, पंख्याला कान लावला.

"म्हणजे ती चिप काढली?"

"नाही, काका. बोर्डावरच आहे. फक्त काम करत नाही."

"तिच्यावरचा पंखा?"

"फिरतो. तांब्याची नळी दोघांना मिळून एकच आहे."

"म्हणजे जागा तीच, पंखा चालू, आणि काम सगळं ज्युनिअर करतोय." काकांचे डोळे चमकले. "आमच्या मंडळात असे तीन होते. तिघंही साहेब होऊन निवृत्त झाले."

आणि चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, की ती चिप परत सुरू करायची वेळ आलीच तर अर्ज कोणाकडे करायचा.